दहा नळ्यांत एकही नर नाही

मंगळवारी सकाळी साडेदहाला संशोधन केंद्रातल्या जनुक विभागातल्या मुलीने तिसरी नळी तपासली आणि ती खुर्चीत मागे टेकली. प्रत्येक नळीत गाईचे दहा भ्रूण होते. डिशमध्ये बीजांड आणि वीर्य एकत्र करून तयार केलेले, सात दिवस वाढवलेले, मग गोठवलेले. तीन नळ्या म्हणजे तीस भ्रूण, आणि तिसांत एकही नर नव्हता.

खरं तर हे शोधायला तिला कोणी सांगितलंच नव्हतं. नव्या पोषक द्रवात वाढलेल्या भ्रूणांची कोणती जनुकं बोलतात आणि कोणती गप्प बसतात, एवढंच केंद्राला हवं होतं. त्यासाठी आठ जनुकांची यादी ठरलेली होती. हिने आपल्या मनाने नववं घातलं, वाय गुणसूत्रावरचं, फक्त नरात बोलणारं. का घातलंस म्हणून विचारलं तर म्हणाली, बघावंसं वाटलं. नोकरीत बघावंसं वाटणाऱ्या माणसाचं पुढे काय होतं ते सांगायला नको.

तिने लगेच प्रमुखबाईंना सांगितलं, दुपारच्या डब्याला शेजारच्या खोलीतल्या मामांना सांगितलं, आणि उरलेल्या नळ्या तपासायला घेतल्या. फ्रीजरच्या खोक्यात नव्या नळ्या पुढे असतात, म्हणून ती चौदापासून उलटी निघाली होती. बुधवारी संध्याकाळी ती एकपर्यंत पोचली. एक ते चार या नळ्यांत नर होते. पाच ते चौदा, एकही नाही.

ती खुर्चीवरून उठायच्या आत प्रमुखबाईंनी तिच्या हातात पत्र ठेवलं. 'माझ्या निष्काळजीपणामुळे नळी क्रमांक पाच ते चौदा यांतील नमुने बदलले गेले, याची मी कबुली देते.' तारीख मंगळवारची. केंद्रात बाकी कुठलंही काम इतक्या तत्परतेने होत नाही. गुरुवारी पाचपर्यंत सही केली तर नोकरी राहील, पण कचेरीत, फायली लावायची. प्रयोगशाळेत पुन्हा पाऊल टाकायचं नाही. सही केली नाही तर बडतर्फी, आणि डॉक्टरेटचा प्रबंधही गेला. म्हणजे इकडे आड तिकडे विहीर.

गुरुवारी सकाळी सातला पशुसंवर्धन खात्याच्या तपासनीसबाईंचा फोन वाजला.

"मी काही केलेलं नाही," पलीकडचा आवाज म्हणाला. "पण आज पाच वाजता मी केलं असं लिहून देणार आहे. त्याआधी कोणी येऊ शकेल का?"

"लिहून दे असं कोण म्हणतंय?"

"सगळेच. मामासुद्धा."

तपासनीसबाई पंचवीस वर्षं गुरांच्या डॉक्टर होत्या. जनावराचा कुठलाही दाखला पुढे आला की त्या आधी जनावराकडे बघायच्या आणि मग दाखल्याकडे, त्यामुळे खात्याने कंटाळून त्यांना तपासनीसच करून टाकलं. त्यांचा नवरा म्हणायचा, लोक दुधात पाणी शोधतात, आमची बायको पाण्यात दूध आहे का ते बघते. सासूबाई त्यांच्यासमोर तांदूळ निवडत नसत, कारण सुनेने ते पुन्हा निवडले की त्यांचा अपमान व्हायचा. शंकेखोर म्हणून बाई सगळ्या खात्यात बदनाम होत्या, आणि त्यांना त्याचं काही वाटत नसे.

दहा वाजता त्या केंद्रावर पोचल्या. आधी त्यांनी खोल्या बघून घेतल्या. भ्रूणांची खोली उबदार आणि अंधुक, चपला बाहेर, अत्तर लावून आत यायला मनाई. तिथे मामांचं राज्य. जनुकांची खोली पांढरी आणि गारठलेली. तिथे ती मुलगी. मधे भिंतीत हातभर खिडकी. दर शुक्रवारी मामा त्या खिडकीतून एक बंद नळी पुढे करायचे, मुलगी ती फ्रीजरमध्ये ठेवून कुलूप लावायची. किल्ली एकच, आणि ती तिच्या गळ्यात.

मामा म्हणजे तिचे सख्खे मामा. आई गेली तेव्हा ती अकरा वर्षांची होती. मामा-मामींनी तिला घरी आणलं आणि स्वतःच्या लेकीसारखं वाढवलं. सूक्ष्मदर्शकाला पहिल्यांदा डोळा लावला तो मामांच्या मांडीवर बसून. मामांची या खोलीत तीस वर्षं झाली होती आणि निवृत्तीला आठ महिने उरले होते.

प्रमुखबाई घाईत होत्या. त्यांनी बाईंना बसा म्हणायच्या आधीच आपलं मत सांगून टाकलं.

"तिच्या हातून भ्रूण सांडले असणार. मग तिने नळ्यांत नुसती बीजांडं भरली. बीजांड गाईचं, त्यात वाय कुठून येणार?"

"बीजांडं तिला कुठे मिळाली?"

"आठवड्याला शेकडो येतात. उरलेली टाकूनच देतो."

"आणि दहा नळ्या सांडल्या? दहा आठवडे?"

"किल्ली तिच्याकडे आहे," प्रमुखबाई म्हणाल्या. "दुसरं कोण करणार?"

वीर्यच बदललं असेल का, हेही बाईंनी विचारून घेतलं. फक्त मादीच होईल असं निवडलेलं वीर्य हल्ली मिळतं. प्रमुखबाईंनी मान हलवली. या प्रकल्पात दिवाण नावाच्या एकाच वळूचं वीर्य वापरतात. तो सहा वर्षांपूर्वी मेला. त्याच्या वीर्याच्या कांड्या साध्याच आहेत, दोनशे उरल्यात, सगळ्या एकाच टाकीत, आणि त्या संपल्या की तो वंश संपला. कालच मोजल्या, नोंदीपेक्षा एकही कमी नाही. हे सांगताना त्यांचा आवाज जरा खाली आला.

बाईंना प्रमुखबाईंची घाई आवडली नाही. मात्र घाई म्हणजे गुन्हा नव्हे, हेही त्यांना ठाऊक होतं.

मग त्या मुलीसमोर जाऊन बसल्या. मुलीचे डोळे सुजले होते. बाईंनी तिला धीर वगैरे दिला नाही. आजीला समजावशील तसं मला समजाव, म्हणाल्या.

मुलीने समजावलं. भ्रूण पहिले तीन-चार दिवस स्वतःचं असं काही बोलतच नाही. आईने बीजांडात बांधून दिलेल्या शिदोरीवर त्याचं चालतं. आठ पेशी होतात, सोळा होतात, शिदोरी संपत येते, आणि मग त्याची स्वतःची जनुकं जागी होतात. आपण वाचतो ती हीच जाग.

"या दहा नळ्यांत ती जागी झाली होती?"

"दहाही नळ्यांत. नुसती बीजांडं असती तर ती जनुकं गप्प असती."

"हे प्रमुखबाईंना सांगितलंस?"

"सांगायला लागले. त्या म्हणाल्या, आधी सही, मग शास्त्र."

बाईंनी तिच्या शब्दावर विश्वास ठेवला नाही. पडद्यावरच्या दहाही रेघा एकेक करून बघितल्या, यंत्रावरच्या तारखा ताडून बघितल्या, आणि मगच वहीत लिहिलं: नळीत गेले ते खरे, आठवडाभर वाढलेले भ्रूण. म्हणजे प्रमुखबाईंचा तर्क बाद. तरी प्रश्न होता तिथेच होता. शंभर भ्रूण आणि शंभरही बिननराचे. नाणं शंभर वेळा उडवून शंभर वेळा काटाच पडला, तर बाई नाणं उलटून बघणाऱ्यांतल्या होत्या. कुठेतरी पाणी मुरत होतं.

कांड्यांची टाकी सांभाळणाऱ्याला सगळे बर्फ्या म्हणत. वीर्य गोठवून ठेवणाऱ्या द्रव नायट्रोजनने त्याच्या बोटांवर पांढरे चट्टे पडले होते. तो बाईंशी बोलायला तयारच नव्हता. काही हरवलं की आधी माझेच खिसे तपासतात, म्हणाला. बाईंनी खिसे सोडून त्याची वही मागितली. टाकीत पट्टी बुडवायची, बाहेर काढून हलवायची, जिथपर्यंत पांढरं दव धरतं तितका नायट्रोजन शिल्लक. तो आकडा रोज वहीत लिहायचा. बर्फ्याचे आकडे वेडेवाकडे होते. कधी चार मिलिमीटर उतार, कधी सात, उकाड्यात आठ. मधले दहा दिवस मात्र रोज बरोबर पाच मिलिमीटर, रोज, चुकूनही सहा नाही. अकराव्या दिवशी एकच शब्द: 'भरली'. ते अक्षर वेगळं होतं.

"हे कोणाचं?"

"मामांचं. मी अकरा दिवस रजेवर होतो, बायकोचं बाळंतपण. टाकी मामांनी बघितली."

"परत आलास तेव्हा टाकी कशी होती?"

"काठोकाठ भरलेली. मामांच्या कंबरेत उसण, त्यांनी कधी नायट्रोजनचा कॅन उचलला नाही. मला त्रास नको म्हणून भरून ठेवली. टाकीपण दुसरी, चांगली दिली. जुनीचं झाकण बसत नव्हतं म्हणाले." त्याचा आवाज मऊ झाला. "माझ्यासाठी एवढं कोणी केलं नव्हतं, मॅडम."

बाईंना चांगुलपणाचं वावडं नव्हतं. पण तो न मागता आला की तो कुठून आला, असं त्या विचारायच्याच.

जुनी टाकी मागच्या शेडमध्ये पडली होती. झाकण छान बसत होतं. बाईंनी बर्फ्याला तिच्यात थोडा नायट्रोजन ओतायला लावला आणि दोघं बघत उभे राहिले. पाचेक मिनिटांत टाकीच्या बाहेरच्या अंगावर दव धरलं, मग पांढरा बर्फ. बर्फ्याने हात लावला आणि झटकन मागे घेतला. दोन भिंतींमधली निर्वात पोकळी गेली, म्हणाला. अशी टाकी एका दिवसात कोरडी पडते. त्याला पुढचंही काही सुचलं असावं, कारण त्याची नजर नव्या टाकीच्या खोलीकडे वळली. नळ्यांच्या यादीशी बाईंनी रजेच्या तारखा लावून बघितल्या. चौथ्या नळीची डिश बर्फ्या गेला त्या आठवड्यात लावलेली होती. पाचवीची त्याच्या पुढच्या.

मामांनी बाईंना हाताने स्टूल पुसून दिलं. खोली इतकी अंधुक होती, की त्यांचा चेहरा नीट दिसत नव्हता. माणूस मात्र गोड. डिश कशी धरायची, बीजांडं कशी धुवायची, सगळं त्यांनी न विचारता दाखवलं. फडताळावर एका औषधाच्या तीन लहान बाटल्या ओळीने होत्या, दोन रिकाम्या, तिसरी अर्धी. तिन्हींवर यंदाचीच चिठ्ठी.

"हे कशाला लागतं?"

"कोऱ्या डिशला. महिन्यातून एकदा थोड्या बीजांडांत वीर्य न घालता याचा थेंब टाकतो. बीजांडं दमदार असली तर आपली आपण विभागायला लागतात. बघायचं आणि फेकून द्यायचं."

"एक बाटली किती पुरते?"

"वर्षभर आरामात."

बाई बाटल्यांविषयी आणखी काही बोलल्या नाहीत. भाचीविषयी विचारलं. मामांनी सुस्कारा टाकला.

"पोरीचा हात अजून कच्चा आहे. मी तिला म्हटलं, माणूस चुकतो, सही कर आणि मोकळी हो. फायली लावण्यात काही कमीपणा नाही."

तेव्हा दीड वाजला होता. बाई परत पांढऱ्या खोलीत आल्या आणि मुलीला विचारलं, नळ्यांतलं अर्धं द्रव्य राखून ठेवलेलं असतं ना? होतं. मग त्यांनी विचारलं, फक्त बापाकडून आलेली प्रतच बोलते आणि आईची गप्प बसते, असं एखादं जनुक तुला वाचता येईल का?

 मुलीला प्रश्न कळला होता. असं जनुक आहे, म्हणाली, तीन तास लागतील. आणि समजा सगळ्या नळ्यांत ते बोललं, तर आपली बाजू संपली, हेही तिने स्वतःच सांगितलं. बाई म्हणाल्या, मग संपली. लाव यंत्र.

 मुलीने नळ्या भरल्या तेव्हा तिचे हात थरथरत नव्हते. बाईंनी ते मुद्दाम बघितलं. साडेचारला पडद्यावर रेघा उमटल्या. एक ते चार या नळ्यांच्या रेघा चढत वर गेल्या. पाच ते चौदा या नळ्यांच्या दहा रेघा तळाशी आडव्या पडून राहिल्या.

पावणेपाचला प्रमुखबाईंच्या खोलीत पाच माणसं होती. टेबलावर पत्र आणि पेन तयार ठेवलं होतं. मामा भाचीच्या शेजारच्या खुर्चीवर बसले, बर्फ्या दाराशी उभा राहिला.

"शंभर भ्रूणांत नर नाही, याचं कारण तुम्ही सगळे इथे शोधत बसलात," बाई मुलीच्या खोलीकडे बोट करून म्हणाल्या. "हे म्हणजे साप साप म्हणून भुई धोपटणं झालं. या भ्रूणांत नर नाहीत, कारण त्यांना बापच नाही. बापाचं जे जनुक बोलायला हवं ते दहाही नळ्यांत मुकं आहे. आईची शिदोरी होती, आईची जनुकं जागी झाली, भ्रूण सात दिवस छान वाढले. डोळ्यांना सगळे सारखेच दिसतात. ही कोरी डिश आहे. महिन्यातून एकदा थोड्या बीजांडांत लावून फेकायची, ती दहा आठवडे दर आठवड्याला, भरपूर बीजांडांत लावली गेली. म्हणून वर्षभर पुरणाऱ्या दोन बाटल्या अडीच महिन्यांत संपल्या."

"कशासाठी?" प्रमुखबाईंनी विचारलं.

"वीर्य मेलं होतं म्हणून. दिवाणच्या दोनशेच्या दोनशे कांड्या. मोजायला पूर्ण, आणि जिवंत एकही नाही. बर्फ्या रजेवर असताना टाकीची पोकळी गेली आणि ती कोरडी पडली. वहीत मात्र त्या दिवसांत रोज पाच मिलिमीटर उतार आहे. खरी टाकी इतकी शहाण्यासारखी वागत नाही. तो आकडा पट्टी न बुडवता लिहिलेला आहे. मग एक दिवस लक्षात आलं. कांड्या दुसऱ्या टाकीत गेल्या, ती काठोकाठ भरली, आणि जुनीच्या झाकणाला दोष दिला."

प्रमुखबाई पांढऱ्या पडल्या होत्या. तरी त्यांनी विचारलं, की डिश लावणारे हात या इमारतीत एकाहून जास्त आहेत. अमुक एकच कशावरून?

"ते या पत्रावरून. याचा मजकूर कोणी दिला?"

"मामांनी. मंगळवारी दुपारी आणून दिला. भाचीची नोकरी तरी वाचेल म्हणून. मी फक्त टाइप करून घेतला."

बाई मुलीकडे वळल्या. "मंगळवारी दुपारपर्यंत तू किती नळ्या तपासल्या होत्यास?"

"तीन. चौदा, तेरा, बारा."

"आणि पत्रात लिहिलंय पाच ते चौदा. बिघाड पाचपासून आहे हे तुला कळलं बुधवारी संध्याकाळी. मंगळवारी दुपारी ते या जगात एकाच माणसाला ठाऊक होतं. ज्याने पाचवी नळी भरली त्याला."

 मामांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. मग ते बोलायला लागले, ते प्रमुखबाईंशी, भाचीकडे न बघता. वीस वर्षं ती टाकी रोज सरासरी पाच मिलिमीटर उतरत आली होती. त्यांना ते पाठ होतं. वाकलं की कंबर धरायची, म्हणून पट्टी न बुडवता लिहायचे. त्या शुक्रवारी कांडी वितळवून बघितली तर काचेखाली एकही शुक्राणू हलत नव्हता. दुसरी बघितली, दहावी बघितली. तीस वर्षांचं नाव एका दिवसात जाणार होतं. नळ्यांतले भ्रूण वाचून संपतात, गाईच्या पोटात ठेवायचे ते पुढच्या वर्षी, तोवर आपण निवृत्त होऊन घरी. यादीत आठच जनुकं, बापाविषयी कोणी विचारणार नव्हतं.

"हिने नववं घातलं," मामा म्हणाले.

 मुलगी मामांकडे वळून बसली.

"मी सही करणार होते, मामा. माझी चूक नाही हे माहीत असून करणार होते. फक्त तू म्हणालास म्हणून."

मामांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"म्हणूनच तुला म्हटलं," ते म्हणाले. "दुसऱ्या कोणी केली नसती."

कुंपणच शेत खातं ही म्हण तपासनीसबाईंनी आयुष्यात शंभर ठिकाणी वापरली असेल. त्या दिवशी ती त्यांच्या तोंडून निघाली नाही. त्यांना राग आला होता, आणि मुलीच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. त्यांनी ते पत्र आपल्या फायलीत पुराव्याला लावलं, आणि आपल्या अहवालाचं पहिलं वाक्य सगळ्यांसमोर मोठ्याने सांगितलं: जनुक विभागातल्या संशोधिकेचा कोणताही दोष नाही. प्रमुखबाईंनी मुलीची माफी मागितली. मुलीने मान हलवली, पण तिचं लक्ष तिकडे नव्हतं.

मामा उठायला लागले आणि कंबर धरून पुन्हा बसले. घरी काय सांगू, असं ते स्वतःशीच म्हणाले.

मुलगी फोन घेऊन खिडकीपाशी गेली. 

"मामी, मी आज मैत्रिणीकडे राहतेय. नाही, बरी आहे मी. मामा येईल घरी. त्याला काही विचारू नकोस लगेच. आधी जेवू घाल, मग विचार."